गाठीला सुई : कर्करोगावरील जेल-उपचारांची ओळख

(बिदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांतील मराठी भाषिक ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गाठीला सुई लावू नये, सुई लागली की ती चिघळते आणि रोग अंगभर पसरतो, असा एक समज खेडोपाडी फार दृढ आहे. मराठी बोलणाऱ्या घरांत तो आहे, कन्नड बोलणाऱ्या घरांतही आहे. या समजापायी डॉक्टरांनी सांगितलेली तुकडा तपासणी, म्हणजे बायोप्सी, पुढे ढकलली जाते. गाठीवर लेप बसतात, अंगारे-धुपारे होतात, एखादी सुगी निघून जाते, आणि सुपारीएवढी असलेली गाठ लिंबाएवढी झाल्यावर माणूस दवाखान्याची वाट धरतो. नेमक्या याच काळात जगातील अनेक प्रयोगशाळांतून गाठीतच किंवा गाठीलगत सुईने औषध सोडून ते तेथेच राहू देण्याच्या पद्धतीवर संशोधन चालू आहे. या औषधाला धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे हायड्रोजेल. त्याचे स्वरूप, आजवर सिद्ध झालेला उपयोग व अद्याप सिद्ध न झालेला भाग यांचा येथे विचार करावयाचा आहे. परंतु सुईचे भय मनात असताना पुढचे काहीच पटणार नाही, म्हणून प्रथम त्याविषयी.

हा समज मूर्खपणातून आलेला नाही. तो पाहण्यातून आला आहे. शेजारचा एखादा गृहस्थ गाठ वाढल्यावर शहरात गेला, तेथे सुई घालून तपासणी झाली, आणि पुढे चार-सहा महिन्यांत तो दगावला, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. सुई आधी आणि मृत्यू नंतर, म्हणून सुईनेच मृत्यू आणला असा हिशेब मांडला जातो. मृग लागण्याच्या सुमारास बेडूक ओरडतात आणि मागून पाऊस येतो; तरी बेडकांनी पाऊस आणला असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. वस्तुस्थिती अशी की तपासणीच्या दिवशीच तो रोग पुढच्या टप्प्यावर पोहोचलेला होता. काही थोड्या अवयवांच्या गाठींबाबत डॉक्टर स्वतःच सुई टाळून निराळा मार्ग घेतात. तो निर्णय त्यांच्यावर सोडावा. स्तनातील गाठ, तोंडातील व्रण, मानेतील गाठ यांचे निदान मात्र सुईने किंवा तुकडा काढूनच पक्के होते, आणि त्यावाचून योग्य उपचार ठरविता येत नाही.

आता हायड्रोजेलकडे वळू. नाव परके असले तरी वस्तू घरातली आहे. बाळंतिणीच्या लाडवांसाठी अळीव भिजत घातले की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होते. सब्जाचे बीही पाण्यात असेच फुगते. त्या आवरणात बहुतांश पाणीच असते. परंतु लांबलचक रेणूंची एक जाळी त्या पाण्याला वाहून जाऊ देत नाही. पाण्याला धरून ठेवणारी अशी जाळी म्हणजे हायड्रोजेल. शरीराच्या कामासाठी असा पदार्थ हेतुपुरस्सर घडविण्याचा मान झेक शास्त्रज्ञ ओटो विख्टरले व द्राहोस्लाव्ह लिम यांच्याकडे जातो. त्यांचा निबंध १९६० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डोळ्यांत घालावयाची मऊ भिंगे त्यातूनच पुढे आली. ती भिंगे ओतण्याचे पहिले यंत्र विख्टरले यांनी १९६१ च्या नाताळात घरीच मुलांच्या जोडणीच्या खेळण्यातील भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून बनविले होते, ही गोष्ट शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी.

कोरडवाहू शेतकऱ्याचाही या पदार्थाशी संबंध आलेला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात डॉ. रघुनाथ माशेलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जलशक्ती’ नावाचा पाणी शोषून धरणारा पदार्थ अवर्षणग्रस्त शेतीसाठी पुढे आणला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा हायड्रोजेल’ हे त्याच जातीचे. मातीत मिसळलेले हे दाणे पावसाचे पाणी पोटात घेतात आणि जमीन सुकू लागली की ते मुळांना हळूहळू देतात. कर्करोगासाठी घडविलेले जेल हेच काम करते. फक्त पाण्याबरोबर त्यात औषध असते, आणि तुरीच्या मुळांच्या जागी रोगट पेशी असतात.

असे करण्याची गरज का भासली? शिरेतून दिलेले कर्करोगाचे औषध रक्ताबरोबर सर्व शरीरात फिरते. जेथे गाठ नाही तेथेही ते जाते. केस गळणे, उलट्या, तोंड येणे, रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होणे हे त्रास त्यामुळेच होतात. पाटाने पाणी सोडले की सरीबरोबर बांधावरचे गवतही भिजते, तसा हा प्रकार आहे. औषध अतिसूक्ष्म कणांत भरून गाठीकडे धाडण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले; परंतु टोरांटो येथील संशोधकांनी २०१६ साली आधीच्या दहा वर्षांतील अशा प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्या भागाचे मध्यमान अवघे ०.७ टक्के भरले. हे प्रयोग प्राण्यांवरील होते, तरी अडचण किती मोठी आहे हे त्यावरून ध्यानात येते. ठिबकची नळी झाडाच्या बुंध्याशी ठेवावी त्याप्रमाणे औषधच गाठीजवळ ठेवता आले तर मात्रा थोडी लागेल आणि इतर अवयवांना उपसर्ग कमी होईल, असा हा विचार आहे. तो सर्वस्वी नवा नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणोत्सर्गी पदार्थ रोगाच्या जागेशी काही वेळ ठेवण्याची पद्धत आपल्या देशातील कर्करोग रुग्णालयांत फार वर्षांपासून नित्याची आहे.

मात्र घट्ट जेल सुईतून जाणार कसे, हा प्रश्न उरतो. त्याची उत्तरे मोठी चातुर्याची आहेत. तूप थंडीत थिजते आणि उन्हात पातळ होते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. काही कृत्रिम पदार्थ याच्या अगदी उलट वागतात : बर्फाच्या गारव्यात ते पाण्यासारखे पातळ असतात आणि शरीराच्या उष्णतेने थिजतात. थंडगार द्रव सुईने आत सोडावा, तो आत जाऊन जेल व्हावा, आणि त्यातून औषध झिरपत राहावे. दुसऱ्या प्रकारात दोन नळ्यांतील दोन द्रव सुईच्या टोकाशी एकत्र येतात आणि काही सेकंदांतच घट्ट होतात. समुद्री शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट आणि कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेले कायटोसान यांसारख्या नैसर्गिक पदार्थांपासूनही अशी जेल तयार करतात.

यांपैकी प्रत्यक्ष वापरात काय आले आहे? मूत्रपिंडातून बाहेर पडणाऱ्या मार्गाच्या अस्तरात होणाऱ्या, मंद गतीने वाढणाऱ्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी मायटोमायसीन हे औषध असलेले उलट-थिजणारे जेल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२० मध्ये मान्य केले. ते सुईने न टोचता बारीक नळीने आत सोडतात. केवळ पाण्यात कालवलेले औषध लघवीबरोबर लगेच वाहून गेले असते. जेलमुळे ते काही तास तेथे टिकते. ज्या चाचणीवरून ही मान्यता मिळाली तीत ७१ रुग्ण होते, आणि सुमारे ५९ टक्के रुग्णांत उपचारानंतरच्या तपासणीत गाठ दिसेनाशी झाली. पूर्वी अशा पुष्कळ रुग्णांचे मूत्रपिंडच काढून टाकावे लागे. पण त्याच चाचणीत ४४ टक्के रुग्णांची मूत्रवाहिनी अरुंद झाली, हेही सांगितले पाहिजे. औषध एका जागी टिकते तेव्हा त्याची आचही त्याच जागी टिकते. दुसरे उदाहरण औषधाविना वापरल्या जाणाऱ्या जेलचे आहे. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीला किरणोपचार, म्हणजे लोकांच्या बोलीतला शेक, देताना मागचे गुदाशय भाजले जाऊ नये म्हणून दोहोंच्या मध्ये जेलची गादी सुईने भरतात. ती सुमारे तीन महिने जागेवर राहते व नंतर शरीरातच विरघळून जाते. २०१५ पासून अमेरिकेत तिला मान्यता आहे.

आपल्या भागाला सर्वांत जवळचा विषय तोंडाच्या कर्करोगाचा. तंबाखू-चुना, गुटखा आणि स्त्रियांमधील मिसरी यांनी येथे जे नुकसान केले आहे ते निराळे सांगावयास नको. तोंडात बोट पोहोचते, तेव्हा सुईही पोहोचते. मग येथे जेल का वापरू नये, असे कोणीही विचारील. तसा प्रयत्न झालेला आहे. सिस्प्लॅटिन हे औषध, रक्तवाहिन्या आकुंचित करणारे एपिनेफ्रिन आणि गाईच्या कातड्यातील प्रथिनाचे जेल यांचे मिश्रण डोके व मान यांच्या कर्करोगाच्या परत उलटलेल्या गाठींत टोचण्यात आले. १७८ रुग्णांवर तुलनात्मक चाचणी झाली. औषधयुक्त जेल मिळालेल्या ११९ रुग्णांपैकी ३५ जणांची, म्हणजे २९ टक्क्यांची, टोचलेली गाठ आक्रसली किंवा नाहीशी झाली. नुसते जेल मिळालेल्या ५९ जणांत असे एकाच्याच बाबतीत घडले. आकडे ऐकून कोणालाही हर्ष व्हावा. तरीही २००१ साली अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने मान्यतेची शिफारस केली नाही आणि ते औषध बाजारात आले नाही. एक गाठ लहान झाली म्हणजे रोगी बरा झाला असे होत नाही. त्याचे दुःख किती कमी झाले, आयुष्य किती वाढले, हे दाखवावे लागते. काहींना ही कठोरता अन्यायाची वाटेल. पण औषधाच्या नावाखाली काहीही खपविले जाऊ नये, याची हमी देणारी दुसरी व्यवस्था अजून सापडलेली नाही.

भारतातही हे संशोधन चालू आहे. फरीदाबाद येथील प्रादेशिक जैवतंत्रज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी तीन औषधे एकत्र धरणाऱ्या जेलचे उंदरांवरील प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध केले. याहून अधिक बोलका पुरावा मात्र जेलचा नसून साध्या द्रवाचा आहे, आणि तो मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने दिला आहे. डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील अकरा केंद्रांत स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १६०० स्त्रियांवर एक चाचणी केली. निम्म्या स्त्रियांच्या गाठीभोवती शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे लिडोकेन टोचण्यात आले. दात काढताना दंतवैद्य वापरतात तेच हे बधिर करणारे औषध होय. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पाच वर्षांनंतर हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ही सुई मिळालेल्या गटात ९०.१ टक्के आणि न मिळालेल्या गटात ८६.४ टक्के होते. जवळपास चार टक्क्यांचा हा फरक काही रुपयांच्या औषधाने पडला. या औषधाला महाग यंत्र लागत नाही, ते तालुक्याच्या दवाखान्यातही असते. आणि गाठीभोवती सुई टोचल्याने रोग भडकतो हा समज खरा असता तर आकडे नेमके उलटे आले असते. ज्यांना सुईचे भय वाटते त्यांच्यापुढे शिक्षकांनी हे आकडे फळ्यावर लिहून ठेवावेत.

जेलच्या मर्यादा आता ध्यानात याव्यात. जेलमधून झिरपणारे औषध आसपास थोड्याच अंतरापर्यंत जाते. पहिल्याच दिवशी पुष्कळसे औषध एकदम बाहेर पडणे हा आणखी एक दोष आहे आणि तो घालविण्यासाठी संशोधक झटत आहेत. शिवाय उष्णतेने थिजणारा द्रव वापरण्याच्या क्षणापर्यंत थंड ठेवावा लागतो; कलबुर्गीच्या मे महिन्यात, वीज गेलेल्या दुपारी, तो रोग्यापर्यंत पोहोचण्याआधी पिचकारीतच थिजावयाचा! प्रयोगशाळेतील यश आणि तालुक्याच्या गावी मिळणारा उपचार यांमध्ये अशी किती तरी साधी दिसणारी कामे असतात. पण मुख्य मर्यादा रोगाच्या स्वभावातच आहे. पेशी यकृतात, फुप्फुसांत, हाडांत जाऊन बसल्या म्हणजे एका जागी ठेवलेले औषध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा शिरेतून दिलेल्या, सर्वांगी फिरणाऱ्या औषधाचाच आश्रय घ्यावा लागतो. म्हणजे जागेवरचा उपचार, मग तो शस्त्रक्रियेचा असो, किरणांचा असो की उद्याच्या जेलचा असो, रोग जागेवर असेपर्यंतच पुरता उपयोगी पडतो.

रोग जागेवर असतानाच तो ओळखता येतो काय, याचे उत्तर फार दूर शोधावयास नको. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बिदर, गुलबर्गा व उस्मानाबाद हे जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तर बिदर जिल्ह्यातच मोडत. जमीन तीच, ज्वारी-तूर तीच, नातीगोतीही तीच. त्या उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या, ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास १९९९ पासून झाला. टाटा स्मारक, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचे हे संयुक्त काम होते. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटातील स्त्रियांची विषाणूसाठी एकदाच चाचणी करून आवश्यक ते उपचार केले गेले, त्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्याच सेवा मिळालेल्या, थोड्या लहान गटात ६४. बळावलेल्या अवस्थेतील रुग्ण पहिल्या गटात ३९, दुसऱ्यात ८२. एकदाच केलेल्या एका तपासणीचा हा परिणाम आहे. बार्शीचे काम याहूनही जुने. तेथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगाव जाऊन माहिती सांगितल्याने स्त्रिया लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या, असे तेथील कार्यकर्त्यांनी १९९५ साली नोंदविले. या कामाला लागली ती सायकल, चित्रे आणि बोलणारी माणसे.

म्हणून जेलची बातमी वर्तमानपत्रात वाचून कोणी आजचा उपचार थांबवू नये. तोंडाच्या, स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे हेच आज मान्य असलेले मार्ग आहेत. हे उपचार मध्येच सोडून देणाऱ्यांची अडचण खरी असते : सहा-सात आठवडे रोज शेक घ्यावयाचा, घर शेतावर, मजुरी बुडालेली, सोबतीला येणाऱ्याचीही मजुरी बुडालेली. आठवड्यांचे औषध एका सुईत ठेवता आले तर या खेपा वाचतील, आणि गावकऱ्याच्या दृष्टीने जेल-संशोधनाचे खरे आकर्षण तेच आहे. तोवर खेपा कराव्या लागतील. बंगळूरच्या किदवाई स्मारक कर्करोग संस्थेचे केंद्र कलबुर्गीत आहे. सोलापूर आणि बार्शी येथे कर्करोग रुग्णालये आहेत. बिदरकडील पुष्कळ लोक हैदराबादची वाट धरतात.

नव्या उपचाराच्या नावाने फसवणूक करणारेही भेटतात. एखाद्या खाजगी जागेत ‘गाठ विरघळविणारी सुई’ म्हणून कोणी पैसे मागू लागला तर सावध राहावे. भारतात नव्या औषधाची चाचणी नियमांनी बांधलेली आहे. २००९ पासून प्रत्येक चाचणीची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद बंधनकारक आहे. चाचणीतील औषधाचे मोल सहसा रुग्णाकडून घेतले जात नाही, आणि २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास उपचाराची जबाबदारी चाचणी करणाऱ्यांवर येते. संमतिपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेतच असावे लागते. सीमाभागात याला विशेष अर्थ आहे. कन्नड न वाचता येणाऱ्या मराठी रुग्णाने मराठी संमतिपत्र मागावे, आणि सोलापुरात मराठी न वाचता येणाऱ्या कन्नड रुग्णानेही तसेच करावे. त्यात संकोच मानण्याचे कारण नाही. अंगठा उठविणाऱ्या रुग्णापुढे तो कागद तटस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवावा लागतो, आणि गावचा शिक्षक असा साक्षीदार होऊ शकतो.

शेवटी प्रवासाला निघण्याविषयी. तोंडातील पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, तोंड पूर्वीसारखे न उघडणे, स्तनातील न दुखणारी गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा दिसणारा रक्तस्राव यांपैकी काही आढळल्यास प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे व तेथून चिठ्ठी घ्यावी. शिधापत्रिका, आधारपत्र आणि आयुष्मान कार्ड बरोबर असावे. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतील पात्र कुटुंबाला यादीतील रुग्णालयात राज्याच्या सीमेपलीकडेही लाभ घेता येतो, मात्र कोणते रुग्णालय यादीत आहे हे निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे. तुकडा तपासणी एका गावी झाली आणि उपचार दुसऱ्या गावी व्हावयाचे असतील तर केवळ अहवालाचा कागद घेऊन निघू नये. तपासलेल्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि मेणात बसविलेला ठोकळा प्रयोगशाळेकडून मागून घ्यावा, म्हणजे पुन्हा सुई लावण्याची वेळ बहुधा येत नाही. मेणाचा तो ठोकळा उन्हाळ्यात एस.टी.च्या खिडकीशी ठेवू नये.